धनुर्धर इशी



धनुष्यबाण म्हटले की आपल्याला कोण कोण आठवते? शिवधनुष्य उचलणारे प्रभू रामचंद्र आठवतात, पक्ष्याचा फक्त डोळा पाहणारा अर्जुन आठवतो, आणि गुरूने मागताच उजव्या हाताचा अंगठा कापून देणारा एकलव्यही आठवतो. या गोष्टी आपण आजीच्या मांडीवर बसून ऐकल्या. आज मात्र ज्या धनुर्धराची ओळख करून घ्यायची आहे तो पुराणातला नाही. त्याची छायाचित्रे आहेत, त्याचा आवाज मुद्रित केलेला आहे, आणि त्याने स्वतः घडवलेले बाण आजही संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. एकलव्याने दिला तोच अंगठा वापरून तो धनुष्याची दोरी ओढत असे. त्याचे नाव इशी. तो उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा मूळ रहिवासी होता. १९१६ साली तो वारला. हरणाच्या इतक्या जवळ जमिनीवर बसून बाण मारण्याची पूर्वजांची विद्या त्याच्यापाशी होती, आणि ती शिकायला त्याच्या स्वतःच्या जमातीतला एकही माणूस उरला नव्हता.

डोंगरातले लपलेले जीवन

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात लासेन नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या पायथ्याच्या डोंगराळ मुलखातून मिल क्रीक आणि डिअर क्रीक असे दोन ओढे खोल दऱ्या कापत सॅक्रामेंटो नदीकडे वाहतात. डिअर क्रीक म्हणजे हरणांचा ओढा. या दोन ओढ्यांच्या परिसरात याही नावाची एक छोटी जमात राहत होती. शिकार, मासेमारी आणि ओकच्या फळांचे पीठ यांवर त्यांचा निर्वाह चाले. शेती नव्हती, घोडे नव्हते, बंदुका नव्हत्या.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पाहता पाहता लाखो लोक तिकडे लोटले. जंगले तुटली, ओढे गढूळ झाले, हरणांच्या कुरणांत गुरे आली. उपासमार होऊ लागली तेव्हा याही लोकांनी गुरे पळवली. त्याचा सूड म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले केले. एका गुहेत तर सुमारे ३० जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांत लहान मुलेही होती. इशीचा जन्म १८६० च्या आसपासचा. म्हणजे तुम्ही ज्या वयात पाटी-पेन्सिल हातात घेतली, त्या वयात हा मुलगा बंदुकीच्या आवाजापासून पळत होता.

वाचलेले मूठभर लोक दऱ्यांत दडून राहिले, आणि तेही थोडेथोडके नव्हे, जवळजवळ ४० वर्षे. ते पाऊल उमटू नये म्हणून दगडावरून दगडावर चालत, धूर दिसू नये म्हणून लहानशी चूल पेटवत, झुडपे न तोडता त्यांच्याखालून सरपटत जात. अशा जीवनात धनुष्यबाणाला विशेष मोल आले. बंदुकीचा बार दरीभर घुमतो, पण बाण आवाज करीत नाही. म्हणून पोट भरण्याचे आणि लपून राहण्याचे साधन एकच ठरले.

होता होता त्या तळावर चारच माणसे राहिली: इशी, त्याची म्हातारी आई, त्याची बहीण (काहींच्या मते चुलत बहीण) आणि एक वृद्ध पुरुष. १९०८ च्या नोव्हेंबरात वीजनिर्मितीच्या कामासाठी जमीन मोजणारे काही लोक अचानक त्यांच्या तळावर येऊन धडकले. बहीण आणि म्हातारा पळाले. आईला चालता येत नव्हते, ती पांघरुणाखाली तशीच पडून राहिली. आलेल्या लोकांनी तिला इजा केली नाही, मात्र तळावरची धनुष्ये, बाण, टोपल्या, कातडी पांघरुणे अशा वस्तू आठवण म्हणून उचलून नेल्या. त्यांच्या दृष्टीने त्या गमतीच्या वस्तू होत्या, पण या चौघांसाठी तो येणाऱ्या हिवाळ्याचा संसार होता. आई लवकरच वारली. बहीण आणि म्हातारा पुन्हा कधी दिसले नाहीत. त्यानंतर इशी एकटा राहिला.

कत्तलखान्याच्या कुंपणात

१९११ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या कुंपणाशी कामगारांना एक माणूस दिसला. तो भुकेने खंगलेला होता आणि अंगावर जेमतेम वस्त्र होते. सुतक पाळण्यासाठी त्याने डोक्याचे केस जाळून आखूड केले होते. शेरीफने त्याला तुरुंगाच्या एका खोलीत ठेवले. त्याने काही गुन्हा केला म्हणून नव्हे, तर दुसरीकडे कुठे ठेवावे ते सुचेना म्हणून. गावकऱ्यांनी त्याच्याशी इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि तिथल्या काही आदिवासी भाषांत बोलून पाहिले, पण त्याला एकही कळली नाही.

ही बातमी वर्तमानपत्रात वाचून कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानववंशशास्त्राचे प्राध्यापक टी. टी. वॉटरमन तिथे आले. त्यांनी शेजारच्या जमातीच्या भाषेतील शब्दांची यादी बरोबर आणली होती. ते एकेक शब्द वाचत गेले, पण समोरचा माणूस निर्विकार बसून होता. शेवटी त्यांनी पाइनच्या झाडाचा शब्द उच्चारला आणि खाटेच्या लाकडी चौकटीवर बोट टेकवले. त्या क्षणी त्या माणसाचा चेहरा उजळला. तीन वर्षांत प्रथमच कोणीतरी त्याला समजेल असा एक शब्द उच्चारला होता.

आपण सगळे परप्रांतात राहून मराठी जपणारी माणसे आहोत. बाजारात एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि घरी आल्यावर आपली. प्रवासात अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी शब्द कानावर पडला की आपण चटकन मान वळवून पाहतो. त्यावरून कल्पना करा, की जगात आपली भाषा बोलणारे दुसरे कोणीच उरलेले नाही आणि अशा वेळी तो एक शब्द कानी पडला, तर काय वाटेल?

नाव नसलेला माणूस

वॉटरमन आणि त्यांच्या विभागाचे प्रमुख आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. लोक नाव विचारू लागले. परंतु याही रीतीप्रमाणे स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने परक्याला सांगायचे नसते. आपल्याकडेही आजीपणजीच्या पिढीत बायका नवऱ्याचे नाव सहसा घेत नसत, घेतलेच तर उखाण्यातून. त्याची ओळख करून देणारे दुसरे माणूस जगात नव्हते, म्हणून त्याचे खरे नाव अखेरपर्यंत कोणालाच कळले नाही. क्रोबर यांनी त्याला इशी म्हटले. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ माणूस.

इशी संग्रहालयातच राहू लागला. तिथल्या देखभालीच्या कामाबद्दल त्याला दरमहा २५ डॉलर पगार मिळे आणि तो ते पैसे काटकसरीने साठवी. रविवारी लोक त्याला पाहायला गर्दी करत. तो त्यांच्यासमोर बसून बाणाची टोके घडवून दाखवी आणि कित्येकदा देऊनही टाकी. जिवंत माणसाला असे प्रदर्शनात बसवणे योग्य होते का, हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. त्याला परत डोंगरात जायचे आहे का, असे तेव्हा विचारले गेले होते, पण त्याने संग्रहालयातच राहणे पसंत केले. परत जायचे तरी कोणाकडे?

डॉक्टर शिष्य झाला

संग्रहालयाला लागूनच विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय होते. तिथे सॅक्सटन पोप नावाचे शल्यचिकित्सक शिकवत असत. १९१२ मध्ये त्यांची आणि इशीची गाठ पडली. प्रथम ते इशीचे डॉक्टर होते, मग मित्र झाले, आणि थोड्याच काळात त्याचे शिष्य बनले. पदव्या मिळवलेला हा नामवंत डॉक्टर एका निरक्षर माणसासमोर जमिनीवर बसून धनुष्य कसे करायचे ते शिकू लागला.

इशीचे धनुष्य जेमतेम साडेतीन फूट लांब असे. ते जुनिपर या पहाडी झाडाच्या लाकडाचे असे. लाकूड तासून आणि वाळवून झाले की त्याच्या पाठीवर हरणाच्या पायातले चिवट तंतू चिकटवायचे, म्हणजे धनुष्य वाकवताना तुटत नाही. त्यासाठी लागणारा डिंक तो माशाच्या कातडीपासून बनवी. दोरीही हरणाच्याच तंतूंची असे. बाणाची कांडी हेझल किंवा तशाच सरळ झुडपाची आणि तिला मागे पक्ष्याची पिसे. टोक मात्र ऑब्सिडियनचे. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीच्या रसातून तयार झालेली काळी काच. हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून दाबून तिचे बारीक कपचे उडवायचे आणि पाते साधायचे. इशी हे काम इतक्या सफाईने करी की साध्या बाटलीच्या काचेतूनही तो सुरेख टोके काढी. पोप यांनी पुढे प्रयोग करून पाहिले तेव्हा कातडे भेदण्याच्या कामी ही काच पोलादी टोकालाही मागे टाकणारी ठरली.

धनुष्याशी वागण्याचे इशीचे नियम ठरलेले होते. काम झाले की दोरी उतरवायची. धनुष्य उभे टेकून ठेवायचे नाही, कारण त्याने ते थकते. आडवे ठेवलेल्या धनुष्यावरून कोणी ओलांडून जायचे नाही. पुस्तकाला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो, दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो. म्हणून आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

दोरी ओढण्याची त्याची पद्धत युरोपियन तिरंदाजांपेक्षा अगदी निराळी होती. ते लोक दोनतीन बोटांनी दोरी ओढतात. इशी वाकवलेल्या अंगठ्याने ओढी आणि त्या अंगठ्याच्या नखावर मधल्या बोटाचे टोक दाबून जोर देई. धनुष्य तो तिरपे धरी, आणि बहुतेक वेळा गुडघा टेकून किंवा उकिडवा बसूनच बाण सोडी.

हरणाच्या वाटेवर

आता आपण त्याच्या खऱ्या विद्येकडे येऊ. लांबच्या ठोकळ्यावर नेम मारण्याच्या खेळात इशी काही मोठा तिरंदाज नव्हता. पुढे पुढे पोपच त्याच्या पुढे जाऊ लागले. पण इशीला त्याचे काही वाटत नसे. त्याच्या धनुष्याचे क्षेत्र १० ते २० यार्डांचे होते आणि ४० यार्डांपलीकडे तो शिकारीवर सहसा बाण सोडत नसे.

असे का, ते आपल्या विज्ञानाच्या तासात शिकलेल्या गणितावरूनही समजेल. अशा धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण ४० मीटर जातो असे धरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ४० यार्ड म्हणजे जवळपास ३६ मीटर. तेवढे अंतर कापायला बाणाला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो, पण दोरीचा टणत्कार हरणाच्या कानी सेकंदाच्या नवव्या-दहाव्या भागातच पोचतो. हरीण दचकून उडी मारते आणि बाण पोचेपर्यंत ते जागेवर नसते. किंवा त्याहून वाईट म्हणजे बाण भलत्याच ठिकाणी लागतो आणि जखमी जनावर तडफडत दूर जाते. म्हणून जवळ जाणे हे शौर्यासाठी नव्हते, ती गरज होती.

आणि हे सारे जमिनीवरून करायचे. आपल्याकडे पूर्वी शिकारी मचाण बांधून बसत. उंचावर बसलेल्या माणसाचा वास वाऱ्यावर बराचसा वरूनच निघून जातो, आणि हरीण सहसा वर पाहत नाही. जमिनीवर बसलेल्या माणसाला हे दोन्ही फायदे नाहीत. तो हरणाच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो आणि त्याचा वास थेट हरणाच्या नाकाकडे जाऊ शकतो.

म्हणून इशीची शिकार आदल्या दिवशीच सुरू होई. त्या दिवशी तो मासे खात नसे आणि तंबाखूच्या धुराजवळ जात नसे, कारण दोन्हींचा वास अंगाला राहतो. पहाटे उठून तो ओढ्यावर स्नान करी, तोंड धुई आणि सुवासिक पाला अंगाला चोळी. मग काही न खाताच निघे. कपडे जवळजवळ घालतच नसे. झुडपातून जाताना कापड खसखसते आणि तेवढा आवाज हरणाला पुरतो, हे त्याचे कारण. वारा हरणाकडून आपल्याकडे येत असेल अशीच बाजू तो धरी. हरणांची येण्याजाण्याची वाट पाहून ठेवलेली असे. तिच्या कडेला झुडपाच्या किंवा दगडांच्या आडोशाला तो बसून राही.

बसणे म्हणजे नुसते बसणे नव्हे. हरीण आपण होऊन जवळ यावे म्हणून तो त्याला बोलावी. मॅड्रोन झाडाचे कोवळे पान दुमडून ओठांत धरायचे आणि पाडसाच्या ओरडण्यासारखा आवाज काढायचा. पाडस संकटात आहे असे समजून मादी धावत येई. कधी तो वाळवून भरलेले हरणाचे मुंडके डोक्यावर धरी आणि झुडपामागून ते हळूहळू वरखाली करी. कुतूहलाने हरणे पुढे पुढे येत. ससा बोलवायचा तर बोटे ओठांवर दाबून चुंबनासारखा बारीक आवाज. त्या आवाजाला ससे येत, आणि सशावर टपलेले रानमांजरही येई. पोप यांनी हे सारे स्वतः पाहिले आणि लिहून ठेवले.

शिकारीच्या पाडसाच्या आवाजावर धावून आलेल्या आईचा विचार मनात आला की आपल्याला कसेसे होते, आणि ते होणे योग्यच आहे. पण इशीच्या घरात दुकानातून काही येत नव्हते. हरीण हेच अन्न, हेच पांघरूण, हीच धनुष्याची पाठ आणि दोरी, हेच टोके घडवायचे अवजार. त्याने मारलेल्या हरणाचा सहसा कोणताच भाग वाया जात नसे.

हाती न आलेले हरीण

१९१४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा शाळकरी मुलगा असे सगळे इशीला घेऊन डिअर क्रीकच्या मुलखात गेले. इशी प्रथम जायला नाखूश होता. तिथे त्याची सारी माणसे मेली होती. पण एकदा पोचल्यावर त्याने त्यांना वस्तीच्या जागा, मासेमारीचे डोह, पायवाटा सारे दाखवले. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खडकाला नाव होते आणि ती नावे फक्त त्याला ठाऊक होती. प्राध्यापकांनी ती नकाशावर उतरवून घेतली.

गुरूबरोबर, गुरूच्याच भूमीत हरणाची शिकार करावी ही पोप यांची इच्छा होती. दोघे अनेकदा बरोबर निघाले आणि बाण सोडण्याची संधीही काही वेळा आली. पण कधी अंतर जास्त पडले, कधी उतार फसवा निघाला, कधी फांदी मध्ये आली. दोघांच्या बाणाने एकही हरीण पडले नाही. याचे कारण पोप यांनी मोकळेपणाने स्वतःकडे घेतले. त्यांच्या मते सोबत असलेल्या नवशिक्यामुळे इशीला अडचण होत होती, आणि शहरी माणसाजवळ वेळ नसतो म्हणून इशीलाही घाई करावी लागत होती. ज्या विद्येचा पाया थांबणे हा आहे, तिथे शिष्याजवळ थांबायला सवड नव्हती. पुढच्या खेपेला जमेल, असे दोघांना वाटले असेल.

अखेरचे दिवस

पुढची खेप आलीच नाही. चाळीस वर्षे माणसांपासून दूर राहिलेल्या इशीच्या शरीराला शहरातील रोगांशी झुंजण्याची ताकद नव्हती. त्याला क्षयरोग झाला. १९१५ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर त्याची भाषा लिहून घेण्यासाठी आले. प्रकृती ढासळत असतानाही इशी तासन् तास बसून त्यांना शब्द सांगत राहिला. त्याआधी त्याच्या कथा आणि गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली होती. ती आजही ऐकता येतात. २५ मार्च १९१६ रोजी इशी वारला. पोप अखेरपर्यंत त्याच्याजवळ होते.

यापुढचा भाग सांगायला जड जातो, पण तो गाळणे बरोबर नाही. मृत शरीर चिरण्याची कल्पना इशीला मान्य नव्हती. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. शवविच्छेदन करू नये असे त्यांनी कळकळीने पत्र लिहिले, पण ते पत्र उशिरा पोचले. शवविच्छेदन होऊन गेले होते आणि मेंदू वेगळा काढून ठेवला होता. उरलेल्या देहाचे दहन झाले. सोबत त्याचे धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शंखमणी, थोडी तंबाखू आणि ऑब्सिडियनचे कपचे ठेवले होते. रक्षा मातीच्या भांड्यात ठेवली गेली. पण मेंदू पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे धाडला गेला, आणि तो धाडला क्रोबर यांनीच. महाभारतात गुरूने शिष्याचा अंगठा मागितला. इथे गुरू न मागता सारे देऊन गेला, आणि तरीही शिकलेल्या लोकांनी त्याच्या देहाचा भाग ठेवून घेतला.

शिष्याचे पहिले हरीण

पोप यांनी सराव सोडला नाही. इशीने शिकवलेले सर्व आठवून ते पुन्हा पुन्हा रानात गेले, वाऱ्याची दिशा पाहायला शिकले, स्वस्थ बसायला शिकले. धनुष्यबाणाने पहिले हरीण त्यांना मिळाले तेव्हा गुरू हयात नव्हता. ते यश त्याच्याच शिकवणीचे असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. १९१८ मध्ये त्यांनी याही धनुर्विद्येवर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे त्यांचे पुस्तक निघाले. ते वाचून अमेरिकेत विसाव्या शतकात धनुष्यबाणाच्या शिकारीचे मोठे पुनरुज्जीवन झाले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी धनुष्यबाणाचा स्वतंत्र हंगाम सुरू केला आणि मग इतर राज्यांनीही ती वाट धरली. पोप स्वतः १९२६ मध्येच वारले.

इशीचे चरित्र १९६१ साली थिओडोरा क्रोबर यांनी लिहिले. आल्फ्रेड क्रोबर यांच्या त्या पत्नी. या पुस्तकामुळे त्याची कथा जगभर पोचली. १९८४ मध्ये त्याच्या मुलखातील जंगलाचा एक मोठा भाग त्याच्या नावाने राखीव झाला. संशोधकांनी नंतर त्याच्या बाणाच्या टोकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची घडण शेजारच्या जमातींच्या टोकांशी अधिक जुळते असे आढळले. कदाचित त्याच्या घराण्यात दोन जमातींचे रक्त असेल आणि हे काम त्याने दुसऱ्या जमातीच्या नातलगाकडून शिकले असेल. म्हणजे शेवटचा याही म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाच्या बोटांतही एखाद्या शेजाऱ्याची विद्या जिवंत होती.

आणि त्या मेंदूचे काय झाले? कॅलिफोर्नियातील आदिवासी समाजांनी तो परत मिळावा म्हणून आग्रह धरला. १९९९ मध्ये तो स्मिथसोनियनच्या भांडारात असल्याचे उघड झाले आणि २००० साली तो याना लोकांशी नाते सांगणाऱ्या समाजांच्या हाती सोपवला गेला. रक्षाही आणली गेली. ८४ वर्षांनी इशीला एकत्र करून त्यांनी त्याच्या मुलखात विधिपूर्वक पुरले. जागा गुप्त ठेवली आहे. आयुष्यभर लपून राहावे लागलेल्या त्या माणसाला निदान आता तरी कोणी शोधू नये, हीच त्यामागची भावना असावी.

जाता जाता

मित्रांनो, आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि आज तसे असणेच उचित आहे. तेव्हा इशीकडून शिकायचे ते शिकार करणे नव्हे. पण पहाटे रानात, तळ्याकाठी किंवा शाळेच्या मागच्या माळावर अर्धा तास न हलता, न बोलता बसून पाहा. वारा कुठून येतो ते पाहा. दहाव्या मिनिटाला एखादा पक्षी तुमच्यापासून हाताच्या अंतरावर उतरेल. इशीच्या विद्येचा पहिला धडा तोच आहे, आणि त्यासाठी बाण लागत नाही.

पालकांना आणि विश्वस्तांना एकच विनंती. आपल्या घरी, आपल्या समाजात असे कोणीतरी असतेच. कुणाला जात्यावरच्या ओव्या येतात, कुणाला मोडी वाचता येते, कुणाला आडगावच्या औषधी पाल्याची नावे ठाऊक असतात. त्यांच्याजवळ बसायला आपल्याला वेळ होत नाही आणि पुढच्या सुट्टीत बघू असे आपण म्हणतो. डॉक्टर पोप यांच्याजवळही वेळ नव्हता, तरी ते जमिनीवर बसले. म्हणून त्या एका माणसाबरोबर सगळेच संपले नाही. येत्या सुट्टीत मुलांना आजीआजोबांजवळ बसवा. त्यांना प्रश्न विचारू द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायला शिकवा.